दोनच्या भोंग्याची गोष्ट

फजिती ऐकायची आहे ना? मग आधी चहा हातात घ्या आणि एक कबूल करा, मध्येच "पण ताई, तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईने…" असं कुणी म्हणायचं नाही. ते वाक्य मी गेल्या वर्षभरात इतक्यांदा ऐकलंय, की आता कुणी सुरू केलं तर शेवट मीच करून देते!

मी मूळची चिपळूणची. लग्न होऊन सिल्वासाला आले, कारण आमचे हे इथे सरकारी शाळेत मास्तर. ते शाळेत जातात आणि मी मागच्या खोलीत बसून कारखान्यांसाठी यंत्राच्या पेट्या बनवते. पेटीत एक बारका संगणक, आणि त्याचं कर्नेल मी स्वतः लिहिलेलं. विकतचं नाही, उसनं नाही, माझं! कर्नेल म्हणजे काय, असं सासूबाईंनी एकदा विचारलं होतं. मी म्हटलं, "आई, तो संगणकाच्या पोटातला कारभारी. कुणी काम करायचं, कुणी गप्प बसायचं, किती वाजले, सगळं तोच सांगतो."

"म्हणजे तुझ्यासारखाच," सासूबाई म्हणाल्या आणि भाजी निवडू लागल्या.

तर बापू पाटील. बापू म्हणजे खानदेशातला माणूस, मसाटच्या एका धाग्याच्या कारखान्यात पाळीप्रमुख. राहायला पार नदीपलीकडे नरोलीत, भाड्याच्या दोन खोल्यांत, बायको आणि लेक जयू यांच्यासह. त्यांच्या कारखान्यात भोंगा वाजवायचं काम गेटवरच्या मिश्राजींकडे होतं. मिश्राजी मोबाइल बघून बटण दाबायचे. आता मिश्राजींचा चहा उकळत असेल तर दोनचा भोंगा सव्वादोनला, आणि भूक लागली असेल तर एकचा भोंगा पाऊणला! पाळीतले लोक वैतागले होते. बापूंनी शेठला सांगितलं, आमच्या ओळखीच्या एक ताई आहेत, त्या पेटी करून देतील. झालं, मला बोलावणं आलं.

आणि मी काय केलं? बढाया! दुसरं काय!

"शेठ, पृथ्वी फिरायला उशीर करेल, पण माझा भोंगा उशीर करायचा नाही." वर आणखी, "लाइट गेली तरी वाजेल, आत बॅटरी टाकलीये. पेटी पोलादी आहे, हत्ती बसला तरी उघडणार नाही. किल्ली तुमच्याकडे ठेवा, कुणालाही द्यायची नाही. मी मागितली तरी आधी चार प्रश्न विचारा!"

शेठ खूश. मिश्राजींचं बटण मी माझ्या हाताने काढलं. एकला जेवणाची सुट्टी संपल्याचा छोटा भोंगा, दोनला पाळी सुटल्याचा लांब भोंगा. लांब भोंगा ऐकल्याशिवाय मिश्राजींनी गेट उघडायचं नाही, असा शेठचा हुकूम. आणि भोंगा थांबलाच नाही तर ती आग, हेही त्याच एका पेटीत बसवलं. सगळी कामं एकाच डोक्यात, मला तेव्हा फार हुशारी वाटली त्याची.

थोडे दिवस माझं कौतुकच कौतुक. मग एके दुपारी बापूंचा फोन.

"ताई, तुमच्या पेटीत किती वाजले?"

"आत्ता? दोन वाजून गेले असतील."

"इथं एक वाजलाय. दोन वाजता छोटा भोंगा झाला, जेवणाचा. लोकं पिशव्या खांद्याला लावून उभी आहेत आणि मिश्राजी गेट उघडेना. म्हणतो, मॅडमजी की घड़ी में अभी लंच खतम हुआ है."

"अशक्य!" मी म्हटलं.

"अशक्य तर अशक्य. पण आता परत जेवायचं का काय, तेवढं सांगा."

मी तिथे गेले. पेटी अगदी व्यवस्थित वेळ दाखवत होती. मग मी काय म्हटलं असेल? मिश्राजींनी हात लावला असेल. व्होल्टेज कमीजास्त झालं असेल. आत पाल शिरली असेल! दुसऱ्या दिवशी सगळं बरोबर चाललं, तेव्हा मी नाक वर करून म्हणाले, "बघा, गेली पाल." आणि पुढच्या आठवड्यात पाल परत आली. मला कारखान्यात नाव पडलं, डबल जेवणवाली मॅडम.

उलगडा कुठे झाला सांगू? स्वयंपाकघरात. रविवारची दुपार. मी लाडवांसाठी रवा भाजत होते, आणि हे बाहेर क्रिकेट बघत होते. भिंतीवर आकड्यांचं घड्याळ आहे आमच्याकडे. मी ओरडले, "अहो, किती वाजले?"

"एक…" हे म्हणाले. तेवढ्यात कुणीतरी बाद झालं. "अरे अरे अरे! काय हा फटका!" असं बराच वेळ झालं. मग म्हणाले, "…शून्य शून्य."

मी मनात म्हटलं, एकच वाजलाय, मग रवा अजून मंद आचेवर चालेल. नंतर वास आला म्हणून बाहेर येऊन बघते तर दोन!

"तुम्ही एक सांगितलंत!"

"खोटं कुठे बोललो?" मास्तरच ते, हार मानतात का? "एक होता तेव्हा एक म्हटलं. शून्य होतं तेव्हा शून्य म्हटलं."

झारा हातात घेऊन मी तिथेच उभी राहिले. अहो, माझी पेटी नेमकं हेच करत होती! आधी तास वाचायचा, मग मिनिटं. एक एकोणसाठला तास वाचला, एक. मिनिटं वाचायच्या आत कारभाऱ्याने घड्याळ पुढे सरकवलं, मिनिटं शून्य. दोन्ही अर्धी खरी आणि जोडून निव्वळ खोटं! रोज व्हायचं नाही, ती नेमकी टिचकी साधली तरच. रवा करपला, पण मी नवऱ्याला मिठी मारली. ते घाबरलेच.

उपाय सोपा होता. वेळ बदलणाऱ्याने आधी पाटी लावायची, 'काम चालू आहे'. बदलून झालं की पाटी काढायची. वाचणाऱ्याला पाटी दिसली तर त्याने थांबायचं. आणि वाचता वाचता मध्येच कुणी पाटी लावून गेलं असं कळलं, तर वाचलेलं टाकून पुन्हा पहिल्यापासून वाचायचं. अर्धं वाचलेलं घड्याळ वापरायचं नाही. छानच ना? मी तासाभरात लिहून काढलं आणि सोमवारी सकाळी मसाटला हजर!

आता सोमवारचं महत्त्व ऐका. त्या दिवशी जयूला बघायला शहाद्याहून पाहुणे येणार होते, दुपारी, नरोलीला. आधी एक स्थळ आलं होतं तेव्हा बापू डबल पाळीत अडकले आणि घरी पोचलेच नाहीत. ते लोक उठून गेले. जाताना म्हणाले, बापाला लेकीसाठी वेळ नाही, तर पुढे सणावाराला काय असणार! जयू तेव्हा दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती. या खेपेला बापूंनी शपथच घेतली होती, दोनचा भोंगा झाला की तडक घर. पाहुण्यांना दिवस मावळायच्या आत परत फिरायचं होतं. शेठकडे आधी सुटायची सवलत नाही, पाळी सुटल्याशिवाय पाळीप्रमुख सुटत नाही आणि भोंग्याशिवाय पाळी सुटत नाही.

मला दारात बघूनच बापूंचा चेहरा उतरला. अंगात नवा पांढरा सदरा होता, त्यावर कामाचा कोट.

"ताई, आज नका ना हात लावू. उद्या करा."

"बापू, तुमच्यासाठीच करतेय! आज दोनला पेटीने पुन्हा एक वाजवला तर? गेट उघडेल का?"

"ते आठवड्यातून एकदा होतं. आज होणार नाही."

"आणि झालं तर? मी खात्री देते. आज तुमचा भोंगा दोनला म्हणजे दोनलाच."

"वाजेल ना नक्की?"

"असा वाजेल की नरोलीत पाहुण्यांना ऐकू येईल!"

काय बोलून गेले मी! शेठने चार प्रश्न विचारून किल्ली दिली, मी नवं काम आत भरलं, कुलूप लावलं, किल्ली परत दिली. एकचा छोटा भोंगा ठरल्यासारखा झाला. शेठ किल्ली खिशात टाकून वापीला गेले. मी मात्र थांबले. माझा विजय मला डोळ्यांनी बघायचा होता ना! पेटी होती विजेच्या खोलीत, मागच्या बाजूला. मी तिथे स्टूल टाकून बसले.

दोन वाजले. भोंगा झाला! लांब, खणखणीत, बरोब्बर वेळेवर. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

अर्ध्या मिनिटात तो थांबायला हवा होता. थांबेना. म्हटलं, थांबेल. थांबेना! मी पेटीला हात लावला, समजावल्यासारखं थोपटलं. मग चापट मारली. मग मुख्य बटण बंद केलं, तर बॅटरी! कुणी टाकली होती बॅटरी? मीच! कुलूप? माझंच! किल्ली? वापीला! हत्ती बसला तरी उघडणार नाही अशी पेटी, आणि मी एका पेचकसाने तिच्याशी झटापट करतेय. कानात ओढणीची टोकं कोंबली, तरी डोकं फुटायची पाळी.

इकडे बाहेर काय चाललंय, मला पत्ताच नाही. न थांबणारा भोंगा म्हणजे आग! नियमच तो. सगळी यंत्रं बंद, सगळी माणसं मैदानात, गेटमधून कुणी बाहेर जायचं नाही आणि पाळीप्रमुखाने डोकी मोजायची. गेटवरच्या वहीत आत आलेल्यांचा जो आकडा, तेवढी माणसं भरली तरच गेट उघडायचं.

बापूंनी मोजलं. एक माणूस कमी. पुन्हा मोजलं. एक कमी. कामगार तर सगळे दिसतायत! मग कमी कोण? तिसऱ्यांदा मोजलं. पलीकडून औद्योगिक वसाहतीचा बंबसुद्धा आला. मिश्राजी गेटला पाठ लावून उभे. बापूंच्या खिशात फोन वाजतोय, घरून. पाहुणे आले, कुठे आहात? बापू म्हणाले, "कारखान्यात भोंगा झालाय, आग असेल, माणूस सापडत नाही," फोन ठेवला आणि पुन्हा मोजायला लागले.

आणि ते सापडत नसलेलं माणूस कोण? ओळखलंत का? ही बया! विजेच्या खोलीत, कानात ओढणी कोंबून, पेचकस घेऊन! भोंगा बंद झाल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, कोणत्या तोंडाने पडू, असं ठरवून बसलेली!

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. बापू. तोंडाला ओला रुमाल, डोक्यावर पिवळी टोपी, पांढऱ्या सदऱ्याचा पार बोळा झालेला.

"ताई! काय व्हयनं? आग कुठंय?"

"आग नाही!" मी ओरडले. "हा थांबत नाहीये! हा थांबला की मी येते बाहेर!"

"अहो, तुम्ही बाहेर आल्याशिवाय मोजणी संपत नाही! मोजणी संपल्याशिवाय गेट उघडत नाही! माझ्या घरी पाहुणे बसलेत, ताई!"

मी उभीच राहिले. रागाने नाही, लाजेनेही नाही. कळलं म्हणून! ते गेटात अडकलेत माझ्यासाठी, मी अडकलेय भोंग्यासाठी, आणि भोंगा कशासाठी अडकलाय? असंच काहीतरी आत झालंय! कारभारी पाटी लावून वेळ बदलत होता. तेवढ्यात माझ्या भोंग्याच्या कामाने तातडीचं म्हणून त्याला अर्ध्यातच थांबवलं, हातातलं काम खाली ठेव म्हणालं. आणि मग विचारलं, अर्धं मिनिट झालं का रे? झालं असेल तर भोंगा बंद करू. बघतोय तर पाटी! म्हणून ते पाटी निघायची वाट बघत बसलं. आणि पाटी काढणार कोण? ज्याला त्यानेच थांबवून ठेवलंय तो! आता कयामत झाली तरी ती पाटी निघत नाही!

"बापू! कळलं मला!" मी आनंदाने ओरडले. "तातडीच्या कामाने वाट बघायचीच नाही! त्याच्यासाठी वेळेची वेगळी प्रत ठेवायला हवी, जुनी चालेल पण पूर्ण हवी!"

"ठेवा तुम्ही प्रत!" म्हणत बापूंनी माझा दंड धरला आणि मला अक्षरशः ओढत बाहेर काढलं. कानात ओढणी, केस विस्कटलेले, हातात पेचकस. मैदानात सगळे बघतायत. कुणीतरी टाळ्याच वाजवायला लागलं. बापूंनी पुन्हा मोजलं, माझ्या डोक्यावर बोट ठेवून शेवटचा आकडा मोठ्याने म्हटला, आणि मिश्राजींनी गेट उघडलं. वायरमनने शिडी लावून छपरावरची वायर तोडली. एकदम शांत झालं. त्या शांततेत मला जास्त लाज वाटली.

बापू गेटकडे धावले आणि थबकले. गेटबाहेर एक जीप उभी होती. जीपजवळ धोतर-टोपीतले एक गृहस्थ, शेजारी एक लाजरासा तरुण, आणि मागे बापूंची बायको, पदराने डोळे पुसत. आग लागली म्हणून ऐकल्यावर पाहुणे पोहे तसेच टाकून नदी ओलांडून इकडे आले होते. मुलाच्या वडिलांनी सगळं गेटातून बघितलं होतं. मोजणी, पुन्हा मोजणी, आणि तोंडाला रुमाल बांधून बापू आत गेले तेही.

मी म्हटलं, संपलं. पोरीचं दुसरं स्थळ माझ्यामुळे गेलं. पण पुढे होऊन म्हणाले, "भाऊ, यांची काही चूक नाही. आग नव्हतीच. भोंगा माझ्या चुकीने अडकला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, बापूंकडे बघितलं. "आत जाताना तुम्हाला माहीत होतं का, आग नाही म्हणून?"

"नाही," बापू म्हणाले. "ताई आत असतील असं वाटलं, म्हणून गेलो."

"आणि घरी आम्ही बसलोय, हे माहीत होतं?"

"होतं, भाऊ. माफ करा. पण माणूस कमी होतं, सोडून कसा येऊ?"

ते गृहस्थ जीपचं दार उघडून म्हणाले, "बसा, व्याही. पोहे गार झालेत, चहा तरी गरम घेऊ."

व्याही म्हणाले हो! बापू तिथेच रडले, त्यांची बायको रडली, आणि मला तर विचारूच नका. मिश्राजीसुद्धा गेटाची साखळी उगाचच पुसत होते. शेठचा फोन आला, "बेन, आ शुं छे? भोंगो वापी सुधी संभळाय छे!" वापीपर्यंत ऐकू येतोय म्हणे! मी म्हटलं, शेठ, आता थांबला, या परत, किल्ली घेऊन या.

पेटी मी नंतर नीट केली. तातडीच्या कामाला वेळेची पूर्ण प्रत, वाट बघणं नाही. आजपर्यंत भोंगा बरोबर चालतोय. शेठने मिश्राजींचं बटणसुद्धा शेजारी परत बसवलं, तो भाग मी सहसा सांगत नाही.

जयूचं लग्न शहाद्याला झालं, थाटात. आम्हाला मानाचं आमंत्रण, कारखान्यातले सगळे हजर. मंगलाष्टकं सुरू होती, भटजींनी सहज विचारलं, "वेळ झाली का?" मी मनगट वर केलं आणि तोंड उघडलं, तोच बापू मांडवातून हात जोडत आले. "ताई, तुम्ही फक्त अक्षता टाका. वेळ आम्ही बघू."

सगळा मांडव हसला, मीही हसले. बापूंनी मात्र मला पहिल्या रांगेत बसवलं होतं आणि माझ्या दोन्ही बाजूंना त्यांच्या दोन भक्कम वहिनी. पंगतीला जाताना त्या माझ्यासोबत, हात धुवायला गेले तरी त्या माझ्यासोबत. मला फार भरून आलं, केवढा हा मान! शेवटी न राहवून मी म्हटलं, "अहो, माझी एवढी सरबराई कशाला?"

थोरल्या वहिनी म्हणाल्या, "सरबराई कसली वं ताई? बापूंनी सांगितलंय, जेवणं झाली की वऱ्हाड मोजून गाडीत बसवायचं आहे, आणि या बाईला तेवढ्यात कुठे जाऊ देऊ नका!"